पालेर्मोची चौदा नाणी

ज्याच्या दारी कार्डिनल आणि सरदार-उमराव ताटकळत बसत, तो काउंट कालिओस्त्रो मुळात पालेर्मोचा जुझेप्पे बाल्सामो. जन्म १७४३चा, घरची परिस्थिती बेताची. कालताजिरोनेच्या मठात राहून औषधं कुटायला शिकला. पुढे पुरलेलं धन काढून देतो म्हणून मारानो नावाच्या सोनाराला गंडा घातला आणि गावातून पोबारा केला. रोममध्ये लोरेन्झाशी लग्न झालं आणि दोघं काउंट-काउंटेस म्हणून युरोपभर मिरवू लागले.

अशा भोंदूंची गोष्ट आली की बडे लोक कसे फसले, याचीच चवीनं चर्चा होते. मला मात्र एलिझा फॉन डेर रेके आठवते. १७७९ साली कालिओस्त्रो मिताऊला, आजच्या लात्वियात, गेला तेव्हा ती पंचविशीतली होती आणि तिचा लाडका भाऊ नुकताच वारला होता. त्याची एकदा भेट व्हावी, एवढंच तिचं मागणं. आत्म्यांशी गाठ घालून देतो म्हणत कालिओस्त्रो एका लहान मुलाच्या तळहाताला तेल लावी आणि आत काय दिसतं ते विचारी. पोर जे सांगे त्याला सगळी बैठक माना डोलावी. त्यात एलिझाही होती. ती मूर्ख नव्हती, दुःखात होती. तिच्या दुःखावरच त्यानं आपलं दुकान मांडलं, आणि हाच त्याचा खरा गुन्हा असं मी मानतो.

पुढे पॅरिसमध्ये हिरेहाराच्या फसवणुकीच्या प्रकरणात कार्डिनल रोआनबरोबर कालिओस्त्रोही बॅस्टिलच्या तुरुंगात गेला. ३१ मे १७८६ रोजी निर्दोष सुटला, पण राजानं त्याला देशाबाहेर घालवलं. पुढच्याच वर्षी एलिझानं मिताऊची सगळी हकिगत स्वतःच्या नावानिशी छापली. आपण कसे फसलो हे चारचौघांत सांगायला खानदानी घरातल्या बाईला केवढं धैर्य लागलं असेल! रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिनं त्या पुस्तकाचा रशियन अनुवाद करवून घेतला.

त्याच १७८७च्या एप्रिलात जर्मन कवी गटे पालेर्मोत होता. बाल्सामोचं घर शोधत, इंग्रज प्रवासी असल्याची बतावणी करून, तो थेट त्याच्या आईच्या दारात गेला. म्हातारी आई, विधवा बहीण, तिची मुलं. मुलगा तुरुंगातून सुटून लंडनला सुखरूप आहे, हे ऐकून आई सुखावली. बहीण म्हणाली, गाव सोडताना त्याच्या गहाण वस्तू मी सोडवल्या. त्याच्याकडून माझे चौदा ओन्झा येणे आहेत, तेवढी आठवण त्याला द्याल का? ओन्झा म्हणजे तिकडचं सोन्याचं नाणं. दुसऱ्यांना सोनं करून देण्याच्या गप्पा मारणाऱ्या भावाकडे या बाईचे चौदा ओन्झा वर्षानुवर्षं अडकले होते.

ते आपणच द्यावेत असं गटेला वाटलं, पण खिशात तेव्हा तेवढे पैसे नव्हते. जर्मनीला परतल्यावर त्यानं ते पाठवले. कालिओस्त्रो १७९५मध्ये सान लेओच्या किल्ल्यात पोपचा कैदी म्हणून मेला.