सायकलवरून सात दिवस : एड्सग्रस्तांसाठीची कॅलिफोर्नियातील मोहीम

सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हे अंतर सायकलने सात दिवसांत पार करायचे आणि त्यानिमित्ताने एड्सग्रस्तांसाठी निधी उभारायचा, या कल्पनेतून १९९४ साली 'कॅलिफोर्निया एड्स राइड' सुरू झाली. त्या वेळी अमेरिकेत २५ ते ४४ या वयोगटातील मृत्यूंचे प्रमुख कारण एड्स हेच होते. अनेक औषधांची एकत्रित उपचारपद्धती १९९६ नंतर रुळली. तोपर्यंत रुग्णाच्या आप्तेष्टांना शुश्रूषेपलीकडे फारसे काही करता येत नसे. ही हतबलता पहिल्या फेरीत उतरलेल्या पावणेपाचशेच्या आसपास सायकलस्वारांनी रस्त्यावर आणली.

सहभागाचे नियम

ही शर्यत नव्हती. पहिल्या क्रमांकाला येथे स्थान नव्हते. मात्र केवळ सायकल चालवण्याची तयारी पुरेशी नसे. प्रत्येक स्वाराने स्नेही, नातलग व सहकाऱ्यांकडून ठरावीक रक्कम जमवणे बंधनकारक होते. पुढे बरीच वर्षे ही किमान रक्कम ३,००० डॉलर होती. अनेकांना चढ चढण्यापेक्षा लोकांपुढे हात पसरणे अधिक जड जाई. हेल्मेट सक्तीचे असे. सायकल न चालवणारे शेकडो स्वयंसेवक भोजन, वैद्यकीय मदत, सायकलदुरुस्ती व सामानाची वाहतूक सांभाळत.

मार्ग

एकूण अंतर ५४५ मैल, म्हणजे सुमारे ८७७ किलोमीटर. सांताक्रूझ, किंग सिटी, पासो रोबल्स, सांता मारिया, लोम्पोक व व्हेंचुरा येथे मुक्काम पडे. तंबू ज्याचा त्याने उभारायचा. दुसऱ्या दिवशी १६० किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागे, तर तिसऱ्या दिवशी मांड्यांची परीक्षा पाहणारा 'क्वाडबस्टर' हा चढ लागे. पाचव्या दिवशी सारे स्वार लाल पोशाख घालत. डोंगरवाटेवरील त्यांची रांग एड्सविरोधी लाल फितीसारखी दिसावी, हा त्यामागील हेतू. अखेरच्या रात्री व्हेंचुराच्या किनाऱ्यावर मेणबत्त्या लावून मृतांचे स्मरण केले जाई. स्वतः एचआयव्हीबाधित असलेले स्वारही उघडपणे या फेरीत सामील होत. रोग झाला म्हणजे सारे संपले, या समजुतीला ते चालते-फिरते उत्तर होते.

पैशाचा प्रश्न

निधी जसा वाढला तसा हिशेबाचा प्रश्नही पुढे आला. फेरीचे आयोजन डॅन पॅलोटा यांच्या 'पॅलोटा टीमवर्क्स' या खासगी कंपनीकडे होते. जमलेल्या डॉलरपैकी आयोजनावर किती आणि रुग्णसेवेवर किती, यावरून टीका होऊ लागली. अखेर सॅन फ्रान्सिस्को एड्स फाउंडेशन आणि लॉस एंजेलिसमधील लाभार्थी संस्था (आजचे लॉस एंजेलिस एलजीबीटी सेंटर) यांनी कंपनीची साथ सोडून २००२ साली 'एड्स/लाइफसायकल' ही स्वतःची फेरी सुरू केली. त्या वर्षी कॅलिफोर्नियात दोन्ही फेऱ्या निघाल्या. त्याच वर्षी पॅलोटांची कंपनी बंद पडली. पुढे २०१३ मधील एका गाजलेल्या भाषणात पॅलोटा यांनी आपली बाजू मांडली. खर्चाचे प्रमाण नव्हे, तर कार्याची व्याप्ती हाच धर्मादाय संस्थेचा निकष असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते.

अखेरचा टप्पा

करोनामुळे २०२० व २०२१ मध्ये फेरी होऊ शकली नाही. त्यानंतर सहभाग घटला आणि आयोजनाचा खर्च वाढत गेला. परिणामी, जून २०२५ मधील फेरी अखेरची ठरली. तीन दशकांत दोन्ही फेऱ्यांतून मिळून ३० कोटी डॉलरहून अधिक निधी उभा राहिला. चाचण्या, समुपदेशन आणि औषधोपचार यांसाठी तो उपयोगी पडला. ज्या खर्चाच्या प्रश्नावरून 'लाइफसायकल'चा जन्म झाला, त्याच प्रश्नाने तिची अखेरही केली. कोणत्याही धर्मादाय सायकलफेरीत नाव नोंदवणाऱ्याने आणि तिला देणगी देणाऱ्यानेही हा हिशेब आधी विचारून घ्यावा, हा या मोहिमेचा धडा आहे.