बातमी सरकारची, आवाज आपला

अनंत भावे बातम्या द्यायला आले की आमच्या आजीच्या खोलीत सुकट भाजायला बंदी असे. भावे आडनावाच्या माणसाला जवळ्याचा वास कसा चालेल, ही तिची शंका. ‘गे आये, तो माणूस वरळीक बसलो आसा,’ असं मामा सांगून थकला. आजीचं उत्तर ठरलेलं: ‘वरळी काय लांब आसा?’

लालबागहून वरळी तशी लांब नव्हतीच. आमच्या चाळीच्या गच्चीवरून दूरदर्शनचा मनोरा दिसायचा, आणि ज्यांच्या अँटेनाला मुंग्या यायच्या ते त्याच्याकडे बघत बघत काठी फिरवायचे. एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक खोलीत टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’ अशी साखळी लागायची. पुण्याच्या मावशीकडे हाच खेळ सिंहगडाकडे तोंड करून चाले, कारण तिथलं सहक्षेपण 1973 पासून सिंहगडावरून होऊ लागलं होतं. तानाजीच्या गडावरून छायागीत येतं, याची मावशीला फार मौज वाटे.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी. दिल्लीला टीव्ही 1959 सालीच आला होता. देशातलं दुसरं केंद्र व्हायला आणखी तेरा वर्षं लागली. ही तारीख मी पुढे वाचली. आमच्या घरात ते साल वेगळ्या खुणेनं सांगायचे. ‘रेशनार तांबडो मिलो इलो, त्याच वर्षी टीव्ही इलो,’ आजी म्हणे. तो महाराष्ट्रातल्या मोठ्या दुष्काळाचा काळ. मिलोच्या भाकरीला थापतानाच चिरा पडत आणि खाताना घास तोंडात फिरत राही. देशावरून माणसं मुंबईत येत होती, आमच्या चाळीतल्या एकेका खोलीत गाववाल्यांचे गाळे फुगत होते, आणि त्याच वेळी तीन-चार मैलांवर एक केंद्र माणसांची चित्रं हवेतून पाठवू लागलं होतं. आजीच्या कॅलेंडरात या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी टांगलेल्या राहिल्या.

चाळीत पहिला टीव्ही आला तो कोपऱ्यातल्या मास्तरांकडे. टेलिव्हिस्टा होता असं मामा म्हणतो, आई क्राउन म्हणते. शटरचं लाकडी कपाट, त्याला कुलूप आणि किल्ली मास्तरणीच्या कमरेला, एवढं मात्र दोघांनाही मान्य आहे. टीव्हीला तेव्हा रेडिओसारखं लायसन लागे. पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरायचे. मास्तर ते पुस्तक टीव्हीवर क्रोशाच्या रुमालाखाली ठेवत. चाळीतली सगळी पोरं पुढे जमिनीवर, बायका भिंतीला टेकून, पुरुष गॅलरीत खिडकीच्या गजांना धरून उभे. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत जाई. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, मधल्या वारी ‘गजरा’, ‘आमची माती आमची माणसं’, ‘ज्ञानदीप’, आणि ‘चिमणराव’ लागलं की गॅलरीतले पुरुषसुद्धा आत शिरत. पण या सगळ्याला वार होते, बातम्यांना नव्हता. त्या रोजच्या. किती वाजता, यावर आमच्याकडे अजून भांडण होतं. आई साडेसात म्हणते, मामा सात. दोघं वेगवेगळ्या वर्षांबद्दल बोलत असावेत.

पुढे एका दिवाळीच्या बोनसमधून आजोनं स्वतःचा टीव्ही घेतला. आजो म्हणजे आजोबा. आमच्याकडे मालवणी रिवाज. तो गिरणीत साच्यावर होता. पहिली पाळी असली की तीन-साडेतीनला सुटायचा, आंघोळ, चहा, मग बनियनवर बसून पेपर, आणि बातम्यांच्या वेळेला मात्र सदरा चढवायचा. कोण येणार आहे म्हणून विचारलं तर हसायचा. आजी कुळथाची पिठी चुलीवरून उतरवून ठेवी. भात वाफेवर असे, पण ताटं बातम्या संपल्यावरच.

येणारी माणसं तरी कशी होती! भक्ती बर्वे बातम्या वाचत. स्वच्छ, तोलून मापून, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आमच्या धाकट्या मावशीनं रवींद्र की शिवाजी मंदिरात ‘ती फुलराणी’ पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं, की त्या बातम्यांतल्या बाईच मंजुळा आहेत. कोणी विश्वास ठेवीना. फुलं विकणारी, कडाकडा भांडणारी, गावरान बोलणारी मंजुळा आणि या? आजीनं शेवटी निकाल दिला: ‘नाटकात शिकली, आता बातम्यो देता.’ नाटक बोली सुधारण्यावरच बेतलेलं, त्यामुळे तिचा तर्क अगदीच वाया नव्हता.

आणि स्मिता पाटील. सिनेमात येण्याआधी ती मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत होती, हे आता सगळ्यांना माहीत आहे. श्याम बेनेगलांचं लक्ष तिच्याकडे गेलं ते तिथूनच. आमच्या आजीचंही गेलं होतं, पण तिला कोण विचारतो! ‘ह्या चेडवाच्या डोळ्यांत कायतरी आसा,’ असं ती तेव्हाच म्हणाली होती, असा घरातला दावा आहे. हा दावा स्मिता प्रसिद्ध झाल्यानंतर पक्का झाला असावा. जीन्सवरच साडी नेसून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, ही गोष्ट पुढे छापून आली. मी ती आजीला वाचून दाखवली. वाटलं, आता कपाळाला हात लावेल. तर म्हणाली, ‘टेबलाखाली काय आसा ता कोणाक दिसता? वर पदर होतो मां!’

चारुशीला पटवर्धन, स्मिता तळवलकर, प्रदीप भिडे हे तर आमच्या पिढीचेही झाले. भिड्यांचा तो भरदार आवाज आला की चाळीतल्या तीन-चार खोल्यांतून तो एकदमच येई. गॅलरीतून चालत गेलं तरी बातमी तुटत नसे. एका दारात वाक्य सुरू होई, पुढच्या दारात संपे.

हे सगळं केवढ्या खटाटोपातून येत असे, ते आम्हाला कुठलं ठाऊक? वृत्तसंस्थांच्या तारा इंग्रजीत येत. त्यांचं मराठी घाईघाईत तिथेच व्हायचं. घटनेचं चित्रण सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर होई. ती आधी धुवायची, मग कापायची, जोडायची, तेव्हा कुठे पडद्यावर. दुपारी उशिरा काही घडलं, तर त्याचं चित्र त्याच संध्याकाळी दाखवणं ही शर्यतच. म्हणून पुष्कळदा नुसता फोटो असे, नाहीतर वाचणाऱ्याचा चेहरा. समोर अक्षरं सरकवणारं यंत्र नव्हतं. हातात कागद, त्यावर एक नजर, मग मान वर करून आपल्याकडे. मान वर झाली की आजीला वाटे, आता आपल्याला सांगतेय.

बातम्यांना लागूनच ‘आपण यांना पाहिलंत का?’ यायचं. हरवलेल्यांचे फोटो आणि वर्णन. वय, उंची, वर्ण, अंगात कोणते कपडे, कोणती भाषा बोलतो. या वेळी खोलीत कोणी खोकतसुद्धा नसे. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातला मुलगा परीक्षेचा निकाल लागल्यावर घरातून गेला, तेव्हा त्याचाही फोटो आला. सगळी चाळ दाटीवाटीनं बसलेली. त्याच्या आईला पुढे बसवलं होतं. वर्णनात ‘वर्ण सावळा’ म्हटल्याबरोबर ती रडता रडता थांबली आणि म्हणाली, ‘सावळा कुठे? गव्हाळ आहे माझा.’ तो आठवड्याच्या आत परतला. कल्याण स्टेशनावरच्या चहावाल्यानं फोटो पाहून ओळखला, असं मामा सांगतो. भूक लागली म्हणून आपणच आला, असं आई. त्याला स्वतःला विचारलं तर तो आता नातवंडांसमोर विषय बदलतो. मात्र पुढे कितीतरी दिवस चाळीतली पोरं त्याच्याकडे आदरानं बघत. टीव्हीवर आलेला आमच्यातला तो पहिला.

हे सगळं प्रेम खरं असलं, तरी माणसं भोळी नव्हती. आजोची एक रीत होती. संध्याकाळी टीव्ही ऐकायचा, रात्री ट्रान्झिस्टरवर बीबीसीची हिंदी बातमीपत्रं, सकाळी ‘नवाकाळ’. तिघे एक बोलले तर खरं, दोघे बोलले तर बघू, एकटाच बोलला तर चहा प्यायचा. जून 1975 मध्ये आणीबाणी आली आणि टीव्ही आणि पेपर एकाच सुरात बोलू लागले, तेव्हा त्याचा संशय वाढला. गाड्या वेळेवर धावतात, वीस कलमं राबवली जातात, सगळीकडे शिस्त आहे. आजो गप्प ऐकायचा आणि रात्री ट्रान्झिस्टर कानाला लावून, आवाज बारीक करून बसायचा. एकदा मामा चिडून वाचणाऱ्या बाईंनाच काहीबाही बोलला. तेव्हा आजीनं त्याला झापलं: ‘तेचो काय दोष? कागदार लिवलेला वाचता ता.’

मला वाटतं, त्या पिढीचं सगळं शहाणपण या एका वाक्यात होतं. कागद कुणाचा आणि आवाज कुणाचा, हे त्यांना वेगवेगळं कळत होतं. कागदावर त्यांनी पुरता भरवसा कधी ठेवला नाही, म्हणून वाचणाऱ्या माणसावर राग धरला नाही. 1976 मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, फिरत फिरत जुळणारं ते बोधचिन्ह आणि ती धून आली. आजोच्या मते फरक एवढाच की आता सरकारची दोन दुकानं झाली. आणि हे बोलून तो सदऱ्याची गुंडी लावत टीव्हीसमोर बसे.

या रीतीची खरी परीक्षा 1982 साली झाली. 18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. भोंगे थांबले आणि आजीला भाताची वेळ कळेनाशी झाली. सुरुवातीला गंमत होती, पुरुष दिवसा घरात दिसत. मग वाण्याची वही भरली, मग आजीची पाटली गेली. त्या वर्षी देशात रंगीत टीव्ही आला, दिल्लीत एशियाड झालं. मास्तरांकडे रंगीत संच आला. आमच्या काळ्या-पांढऱ्यासमोर आजो रोज सदरा चढवून बसायचा. आज भिडे सांगतील, तडजोड झाली. आज नाहीतर उद्या. पावसाळा गेला, गणपती गेले. मध्येच एकदा त्यानं टीव्ही विकायचं काढलं. आजीनं उरलेली पाटली काढून दिली, पण टीव्ही जाऊ दिला नाही. ‘बातमी ऐकूक कोणाच्या दारात उभो रवशीत?’ एवढंच म्हणाली.

तो संप मिटल्याची बातमी आमच्या टीव्हीवर कधी आलीच नाही. येणार कशी? तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, माणसं गावी गेली किंवा जमेल त्या कामाला लागली. आजो वर्षभरानं एका इमारतीवर वॉचमन म्हणून लागला. पाळी रात्रीची, त्यामुळे बातम्या पाहूनच तो डबा घेऊन निघे.

31 ऑक्टोबर 1984 ला तो कामावर गेला नाही. इंदिरा गांधी गेल्या, ते दुपारपासून रस्त्यावर कळलंच होतं. पण आजीनं संध्याकाळपर्यंत मान्य केलं नाही. दिल्लीहून सलमा सुलतान यांनी सांगितलं, तेव्हा मानलं. आजी रात्रभर जागी होती. आणीबाणीत इंदिराबाईंना ती किती शिव्या देई, ते मी ऐकलं आहे.

आमच्या घरी दुःखाची पाळी पुन्हा 1986 च्या डिसेंबरात आली. स्मिता पाटील गेली. वय अवघं एकतीस. आजी तिचे सिनेमे पाहत नसे. तिच्या लेखी ती बातम्यांतली मुलगीच. ‘बाळंतीण गेली,’ एवढंच ती दोनतीनदा म्हणाली आणि त्या दिवशी तिनं भांड्याला भांडं लागू दिलं नाही. पुढे 2001 मध्ये भक्ती बर्वे अपघातात गेल्या, 2014 मध्ये स्मिता तळवलकर, 2022 मध्ये प्रदीप भिडे. तोवर आजी-आजो नव्हते. फोन आईचा आला. ‘आपले भिडे गेले रे.’

मधल्या काळात केबल आली, चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या. वरळीच्या केंद्राची 1994 मध्ये उपग्रह वाहिनी झाली आणि 2000 मध्ये तिला सह्याद्री हे नाव मिळालं. चाळीच्या जागी आता उंच इमारत आहे. गच्चीवरून समुद्र दिसतो म्हणे, विकताना त्याचे वेगळे पैसे लावले. आई विरारला मामाशेजारी राहते. तिच्याकडे बातम्यांच्या कितीतरी वाहिन्या आहेत. परवा एक चर्चा चालू होती, सहा चौकटींत सहा माणसं. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘हे सगळे एकमेकांशी बोलतायत. मला कोण सांगतंय?’

त्या जुन्या बातम्या थेट वाचल्या जायच्या, वाचून झाल्या की संपायच्या. सरकारनं काय सांगितलं, ते कागदोपत्री सापडेल. ते ऐकताना कोण हसलं, कुणी ट्रान्झिस्टर कानाला लावला, कुणी सुकट भाजायची थांबवली, हे मात्र ज्यांनी ऐकलं त्यांच्याचपाशी आहे. तुमच्या घरात अशी कोणी आई, मावशी, मामा असेल तर विचारून घ्या. टीव्ही कोणत्या कंपनीचा होता यावर भांडतील, भांडू द्या. दोन्ही लिहून ठेवा. फक्त संध्याकाळी सातला जाऊ नका. तेव्हा त्यांची मालिका असते.