एकाच दिवसाच्या दोन आठवणी

लग्नाचा वाढदिवस साजरा करण्याची चाल आपल्या सुरतेच्या मराठी घरांत फार जुनी नव्हे. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला लग्नाची इंग्रजी तारीख क्वचितच सांगता येई. वैशाख की मार्गशीर्ष एवढे आठवे. पुढच्या पिढीची कालगणना तापीने सोपी करून दिली : कुणाचे लग्न १९५९ च्या रेलीआधीचे, कुणाचे १९६८ च्या रेलीनंतरचे. आता पन्नाशीचे सोहळे थाटात होतात. यजमान चार शब्द बोलतात, शेजारी बसलेल्या बाई हसतात आणि पंगती उठतात. मंगलाष्टके चालू असताना त्या बाईंच्या मनात काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्या आम्हांस ठाऊक आहे की, नोंदवहीत तारीख, गाव आणि साक्षीदार सापडतात; दिवस सापडत नाही.

तो दिवस ज्यांनी लिहून ठेवला त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव आधी घ्यावे लागते. त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. लग्न १८७३ च्या डिसेंबरातले. म्हणजे सदतीस वर्षांनंतरचे हे मागे पाहणे, आणि न्यायमूर्ती माधवराव रानडे जाऊनही तोवर नऊ वर्षे झाली होती. तरी नाव ‘माझ्या’ नव्हे, ‘आमच्या’ आयुष्यातील.

हकीगत बहुतेकांना ढोबळपणे माहीत असते. माधवरावांची पहिली पत्नी १८७३ साली वारली. वय एकतीस, पुण्यात न्यायाधीशाचे पद, आणि विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्यांत अग्रभागी नाव. १८६९ साली विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईत जो विधवाविवाह झाला, त्याच्या पाठीराख्यांत ते होते. आता ते स्वतः विधवेशीच विवाह करणार, ही मित्रांची अपेक्षा आणि वडिलांची धास्ती. गोविंदरावांनी घाई केली. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी ठरविली.

यापुढे रमाबाई जे सांगतात ते आम्हांस फार मोलाचे वाटते. नवऱ्या मुलाने मुलीच्या वडिलांनाच परावृत्त करण्याचा यत्न केला. आपण सुधारक, विधवाविवाहाचे कैवारी. अंगाने धट्टेकट्टे दिसलो तरी डोळे आणि कान अधू. पुढे विलायतेस जाणार आणि परतल्यावर प्रायश्चित्त घेणार नाही. अशा माणसास मुलगी कशी देता? कुर्लेकर बधले नाहीत. गोविंदराव तर घर सोडून जाण्याच्या गोष्टी बोलू लागले, तेव्हा माधवरावांनी मान तुकविली. वैदिक विधीपुरते लग्न लागले. ते नववधूसह पायी घरी आले, कोणाशी न बोलता आपल्या खोलीत गेले आणि दार लावून बसले.

त्या बंद दाराबाहेर अकरा वर्षांची मुलगी नव्या घरात उभी होती. तिला काय कळले असेल? थोडेच. कळले ते पुढे, त्यांच्या सहवासात. लिहिताना मात्र त्या स्वतःविषयी जवळजवळ काही मागत नाहीत. त्या दिवशी पतीच्या मनाला झालेल्या यातनांकडेच त्यांचे लक्ष जाते. ज्या दिवसाने आपले सारे आयुष्य घडविले, तोच आपल्या पतीच्या लेखी शब्द मोडल्याचा दिवस होता, हे जाणणाऱ्या बाईने तो लिहावा, आणि तक्रारीचा सूर न काढता लिहावा, ही साधी गोष्ट नव्हे. पतीचे नाव घ्यायचे नाही म्हणून त्या ‘स्वतः’ असा उल्लेख करतात. इंग्रजी भाषांतराला तेच नाव मिळाले.

माधवरावांना या प्रकरणी पूर्ण माफी द्यावी असे आम्हांस वाटत नाही. वडिलांचा मान राखला हे खरे, पण त्याची किंमत त्यांनी एकट्याने चुकती केली नाही. जिला बोलताच येत नव्हते अशा मुलीच्या पदरातही ती पडली. तथापि पुढे काय झाले तेही रमाबाईच सांगतात. सासऱ्यांचा निरोप घेऊन झाल्यावर माधवरावांनी तिला वर बोलाविले. आपण कोण, आपले नाव काय, हे तिला ठाऊक आहे का, असे विचारले. वाचता येते का, हेही विचारले. येत नव्हते. त्याच रात्री पाटी आली आणि मुळाक्षरे सुरू झाली. त्या पाटीवरून निघालेला हात १९१० सालच्या पुस्तकापर्यंत पोहोचला.

दोन्ही बाजू लिहिल्या गेल्या असे जोडपे दुर्मीळ. महर्षी कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी बालविधवा गोदूबाईंशी विवाह केला. मुरूडच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे, आणि आनंदीबाई झालेल्या गोदूबाईंचे ‘माझे पुराण’ १९४४ चे. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी, आणि ते सदन उघडले ११ मार्च १८८९ रोजी. बाईंच्या आयुष्यात त्या तारखेचे दोन अर्थ झाले. एकाच संसाराची ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

सुरत या विषयाला परकी नव्हती. १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि आपले दादोबा पांडुरंग यांनी येथेच मानवधर्मसभा स्थापली. दुर्गाराम विधवाविवाहाविषयी उघड बोलत. नर्मद बोलून थांबला नाही. त्याने नर्मदागौरी या विधवेशी लग्न केले. मात्र तेव्हा डाहीगौरी ही त्याची पत्नी हयात होती, त्याच संसारात होती. नर्मदची ‘मारी हकीकत’ १८६६ साली लिहिलेली, म्हणजे या लग्नाच्या आधीची. डाहीगौरीच्या हातचे पुस्तक नाही. ती त्या दिवसाविषयी काय म्हणाली असेल याचा माग घ्यायचा तर नर्मदच्याच कागदांत शोधावा लागतो, आणि तिथे लेखणी नवऱ्याच्या हातात आहे. आमलीरानातल्या त्या घरावरून आपल्यापैकी अनेकांचे जाणे-येणे होते. तेथे नाव नर्मदचे आहे.