पगार घेत शिका, पण तास मोजून घ्या: इंग्लंडमधली हेल्थकेअर सपोर्ट वर्कर अप्रेंटिसशिप नेमकी काय असते?

आपल्याकडच्या वॉर्डात बेडपॅन देणं, चादर बदलणं, रुग्णाला उठवून बसवणं ही कामं मावशी किंवा वॉर्डबॉय करतात. उरलेलं सगळं नातेवाईकांवर असतं. ज्याच्यासोबत कुणी नाही त्याची पंचाईत होते. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे एनएचएसमध्ये, नातेवाईक सहसा रात्रभर खाटेशेजारी बसत नाहीत. रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं यासाठी तिथे पगारी कर्मचारी असतो. त्याला हेल्थकेअर सपोर्ट वर्कर म्हणतात. हेल्थकेअर असिस्टंट हे नावही तुम्ही ऐकलं असेल.

या कामाचं प्रशिक्षण नोकरी करता करता घेता येतं आणि पार्ट टाइमही करता येतं. 'पदवी नको, फी नाही, पगार घेत शिका' अशा पोस्ट फिरतात त्या याच योजनेबद्दल. त्यातलं बरंचसं खरं आहे. जे लिहिलेलं नसतं ते इथे पाहू. एक गोष्ट आधीच सांगतो: हे नियम फक्त इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.

काम फक्त सेवा-शुश्रूषेचं असतं का?

मोठा भाग तोच. पण बऱ्याच वॉर्डांत सपोर्ट वर्कर रुग्णाची 'ऑब्झर्व्हेशन्स'ही घेतो, आणि तिथे या कामाची खरी जबाबदारी दिसते. एनएचएसमध्ये 'न्यूज २' नावाची गुण देण्याची पद्धत वापरतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ती २०१२ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप अशा सहा गोष्टी मोजायच्या, प्रत्येकीला ० ते ३ गुण द्यायचे आणि बेरीज करायची. रुग्णाला बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी २ गुण.

समजा, एका आजोबांचा श्वास मिनिटाला २२ आहे: २ गुण. ऑक्सिजन ९४ टक्के: १. रक्तदाब १०८: १. नाडी ९५: १. ताप ३८.२ सेल्सिअस: १. आजोबा शुद्धीत आहेत, बोलतायत, त्यामुळे तिथे शून्य. एकेक आकडा सुटा पाहिला तर घाबरण्यासारखं काही वाटत नाही. पण बेरीज ६ होते, आणि ५ किंवा त्याहून जास्त गुण झाले की डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहायचं असतं. सातच्या वर गेलं की आणीबाणी. सातही आणीबाणीतच धरतात.

आता यात श्वास मोजायचा कंटाळा करून कुणी अंदाजाने '१६' लिहिलं तर दोन गुण गायब झाले, बेरीज चारवर आली आणि डॉक्टरांना निरोप गेलाच नाही. म्हणून श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला शिकवतात. तोही रुग्णाला न सांगता, कारण कुणी मोजतंय हे कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेऊ लागतो. नाडी मोजताना धरलेला हात तसाच धरून छातीकडे बघत राहायचं, ही यातली जुनी युक्ती.

प्रशिक्षणाचा आग्रह कुठून आला?

स्टॅफर्ड या गावातल्या रुग्णालयातून. २००५ ते २००९ या काळात तिथे रुग्णांचे अतोनात हाल झाले. माणसं घाण झालेल्या चादरींवर पडून राहिली, पाणी हाताला लागणार नाही इतकं दूर ठेवलेलं असायचं. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. त्याच वर्षी जुलैमध्ये पत्रकार कॅमिला कॅव्हेंडिश यांनी सपोर्ट वर्करच्या प्रशिक्षणाचा आढावा सादर केला. रुग्णाच्या सर्वांत जवळ असणाऱ्या या माणसांना शिकवण्याची देशभर एकसारखी पद्धतच नव्हती, हे त्यातून समोर आलं.

त्यानंतर एप्रिल २०१५ मध्ये 'केअर सर्टिफिकेट' सुरू झालं. त्यात संसर्ग टाळणं, रुग्णाची अब्रू जपणं, अन्नपाणी, जीव वाचवण्याचे प्राथमिक उपाय अशी १५ मानकं होती. २०२५ मध्ये लर्निंग डिसॅबिलिटी आणि ऑटिझमबद्दलचं सोळावं आलं. नवीन माणूस ते साधारण पहिल्या बारा आठवड्यांत पूर्ण करतो. अप्रेंटिसशिपची पहिली पायरी बहुतेक ठिकाणी हीच असते.

फ्रान्सिस यांनी आणखी एक मागणी केली होती: सपोर्ट वर्करची नर्ससारखी अधिकृत नोंदणी व्हावी. ती सरकारने मान्य केली नाही. त्यामुळे आजही या कामाला नोंदणी क्रमांक नाही.

अप्रेंटिस म्हणजे विद्यार्थी की नोकर?

आधी नोकर. रुग्णालयाशी तुमचा करार होतो, पगारी रजा मिळते आणि त्याच नोकरीच्या तासांत शिकायचं असतं. कामावर घेण्याआधी गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते. लेव्हल २ च्या अभ्यासक्रमाला साधारण वर्ष लागतं. लेव्हल ३, म्हणजे सीनियर सपोर्ट वर्कर, दीड ते दोन वर्षांचा. त्यात प्रसूती, ऑपरेशन थिएटर, मानसिक आरोग्य, लहान मुलं असे वेगवेगळे मार्ग आहेत. इंग्रजी आणि गणिताची धास्ती अनेकांना असते. फेब्रुवारी २०२५ पासून १९ वर्षांवरच्या उमेदवारांना या दोन परीक्षा द्यायला लावायच्या की नाही, हे मालक ठरवतो.

फी खरोखरच नसते. ज्या मालकाचा वर्षाचा पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर जातो, त्याला २०१७ पासून सरकारकडे अर्धा टक्का लेव्ही भरावी लागते. रुग्णालयं ती भरतात आणि प्रशिक्षणाचा खर्च त्यातून निघतो. पण या निधीतून फक्त शिकवणाऱ्या संस्थेचे पैसे देता येतात. तुम्ही वर्गात बसलात तेव्हा वॉर्डात तुमच्या जागी येणाऱ्या माणसाचा पगार त्यातून निघत नाही. तो रुग्णालयाने सोसायचा.

सगळी गोम इथे आहे. वॉर्डात माणसं कमी पडली की सिस्टर म्हणते, 'आजचा क्लास पुढे ढकलता येईल का?' तिचाही नाइलाज असतो. एकदा ढकलला, दोनदा ढकलला की अभ्यास आपोआप घरी येतो, रात्री पोरं झोपल्यावर. नियम मात्र स्पष्ट आहे: प्रशिक्षण पगारी वेळेतच द्यायचं. २०२२ पासून पूर्णवेळ अप्रेंटिसला आठवड्याला किमान सहा तास कामापासून बाजूला काढून द्यावे लागत. ऑगस्ट २०२५ पासून प्रत्येक अभ्यासक्रमाचे एकूण तास ठरवून दिले आहेत. माझं मत विचाराल तर मुलाखतीत पगाराआधी एक प्रश्न विचारा: शिकण्याचा दिवस ड्युटीच्या वेळापत्रकात आधीच लिहिलेला असतो का? तो लिहिलेला असेल, तर निम्मी काळजी मिटली.

पार्ट टाइम केलं तर?

शिकायचं तेवढंच असतं, आठवडे वाढतात. ३० तासांच्या आठवड्याने ज्याला १२ महिने लागतात, त्याला २० तासांच्या आठवड्याने त्याच हिशोबात १८ महिने लागतील. घरी लहान मूल असणाऱ्या आईसाठी हा सौदा वाईट नाही. मात्र शिकण्याचे तास त्या २० मधूनच निघतात, त्यामुळे वॉर्डात सराव कमी होतो. शेवटी बाहेरचा परीक्षक प्रत्यक्ष काम करताना पाहतो आणि तुम्ही जमवलेल्या नोंदींच्या फाइलवर चर्चा करतो. कामाच्या नोंदी त्या-त्या दिवशी न लिहिणाऱ्याचे इथे हाल होतात.

पगार किती?

यात मोठा फरक पडतो. एप्रिल २०२५ च्या दराने अप्रेंटिसचं कायदेशीर किमान वेतन तासाला ७.५५ पौंड होतं. ते १९ वर्षांखालच्यांना, किंवा कोणत्याही वयाच्या अप्रेंटिसला पहिल्या वर्षी लागू होतं. त्याच वर्षी एनएचएसच्या 'बँड २' चा पगार २४,४६५ पौंड होता, म्हणजे साडेसदतीस तासांच्या आठवड्याने तासाला साधारण साडेबारा पौंड. आठवड्याला २० तास काम करणाऱ्याला पहिल्या दराने १५१ पौंड, दुसऱ्याने जवळपास २५०. काही रुग्णालयं अप्रेंटिसला पहिल्या दिवसापासून पूर्ण बँड २ देतात, काही देत नाहीत. जाहिरातीत आकडा लिहिला नसेल तर विचारून घ्या.

दुसरा वाद बँड २ आणि बँड ३ चा. ठरवून दिलेल्या कामांनुसार बँड २ म्हणजे प्रामुख्याने रुग्णाची वैयक्तिक काळजी. नियमितपणे ऑब्झर्व्हेशन्स घेणं, रक्त काढणं ही कामं बँड ३ ची. अनेक रुग्णालयांत वर्षानुवर्षं बँड २ च्या पगारात बँड ३ चं काम करून घेतलं गेलं. युनिसन या कामगार संघटनेने त्यावर मोहीम चालवली, काही ठिकाणी संप झाले आणि थकबाकीही मिळाली.

पुढे नर्स होता येतं का?

हो, आणि नोकरी न सोडता. दोन वर्षांची नर्सिंग असोसिएट अप्रेंटिसशिप असते. हे पद २०१९ पासून तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदलं जातं. थेट नर्सिंग पदवीची अप्रेंटिसशिप साधारण चार वर्षांची. असोसिएट झालेल्यांना ती कमी वेळात पूर्ण करता येते. रस्ता लांब आहे, पण विद्यापीठाच्या फीचं कर्ज डोक्यावर येत नाही.

भारतातून अर्ज करता येतो का?

या योजनेसाठी व्हिसा मिळेल असं कुणी सांगत असेल तर तिथेच थांबा. ब्रिटिश नागरिक नसलेल्या बहुतेकांसाठी अट अशी आहे: देशात राहण्याची कायदेशीर परवानगी हवी, ती शिक्षणासाठी दिलेली नसावी आणि अप्रेंटिसशिप सुरू होण्याआधी सलग तीन वर्षं तिथे वास्तव्य हवं. म्हणजे जोडीदाराच्या नोकरीमुळे तिथे जाऊन तीन वर्षं राहिलेल्या मराठी व्यक्तीला हा मार्ग खुला असू शकतो. स्टुडंट व्हिसावर गेलेल्या मुलांना सहसा नाही. परदेशातून केअर वर्कर नेण्याचा व्हिसा तर २२ जुलै २०२५ पासून नव्या अर्जदारांसाठी बंद आहे. त्याच दिवशी कुशल कामगार व्हिसासाठी लागणारी कामाची पातळीही साधारणपणे पदवीपर्यंत वाढवली गेली.

अप्रेंटिसकडून प्रशिक्षणाचे पैसे घेण्याची परवानगी मालकाला नाही आणि संस्थेलाही नाही. एनएचएस जॉब्स आणि सरकारचं 'फाइंड अॅन अप्रेंटिसशिप' या दोन संकेतस्थळांवर जागा जाहीर होतात. अर्ज फुकट भरता येतो, मध्ये एजंट लागत नाही.