अवघड जागेचं दुखणं

‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसतहसत वापरतो. उपाय जाणणारा घरातच आहे, पण सांगायची सोय नाही! आमच्या परळ-लालबागच्या इतिहासात या म्हणीचा एक अजिबात हसू न येणारा अध्याय आहे. नातेवाईक मंडळी हे वाचतात ते ठाऊक आहे, तरी लिहितोच.

हा सगळा भाग साथींनी आणि हॉस्पिटलांनी घडवलेला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९९ मध्ये हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. केईएम १९२६ चं, टाटा हॉस्पिटल १९४१ चं. वडाळ्याचं ॲक्वर्थ कुष्ठरोग हॉस्पिटल तर १८९० चं. १९९८ मध्ये मुंबईची एड्स नियंत्रण संस्था निघाली, तिचा कारभार याच ॲक्वर्थच्या आवारात थाटला गेला. कोणी मुद्दाम केलं असेल असं नाही, पण गावाने लांब बसवलेल्या एका आजाराच्या अंगणात दुसरा येऊन बसला खरा.

१ एप्रिल २००४ पासून सरकारी हॉस्पिटलांत एचआयव्हीची औषधं फुकट मिळू लागली. पहिल्या केंद्रांत आपलं जेजे होतं. मरण लांबलं. आणि आयुष्य वाढल्यावर दुसऱ्या एका विषाणूला सवड मिळाली. तो म्हणजे एचपीव्ही.

हा बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि शरीर बहुधा वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावतं. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेली असली की तो मुक्काम ठोकतो. गुदद्वाराशी चामखिळीसारखे कोंब येतात, आतल्या त्वचेत बदल होतात, आणि त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. पुरुषांना होतं तसं बायकांनाही.

गंमत बघा, २००८ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये हे दोन्ही विषाणू एकत्र होते. अर्धं बक्षीस एचपीव्हीवर काम करणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेनना, अर्धं एचआयव्ही शोधणाऱ्या बारे-सिनूसी आणि माँतान्ये यांना. रुग्णाच्या अंगात ते आधीपासूनच एकत्र नांदत होते.

आता हे दुखणं चाळीत नेऊन ठेवा. मी लालबागच्या चाळीत वाढलो. संडास गॅलरीच्या टोकाला, सकाळी बादली घेऊन रांग. कोण आत किती वेळ बसलं याचा हिशेब अख्ख्या मजल्याला! ज्याला तिथे आग होते, रक्त जातं, त्याने काय सांगायचं? तो सांगतो, ‘मूळव्याध’. हा शब्द फार सोयीचा आहे. काकूला सांगता येतो, साहेबाला सांगता येतो, केमिस्टला सांगून मलम आणता येतं. पण डॉक्टरलाही तोच सांगितला आणि त्यानेही न तपासता मलमच दिलं, तर खरा आजार त्या शब्दाआड वाढत राहतो.

पुरुषाकडून लागण झालेल्या पुरुषाला तर खरं सांगणं म्हणजे गुन्ह्याची कबुलीच होती. ३७७ कलमाची ती धास्ती ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने संपवली. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, एचआयव्हीग्रस्तांशी भेदभाव करायला मनाई करणारा कायदा अमलात आला. एका आठवड्यात दोन कुलपं उघडली. तिसरं जिभेवरचं, ते कोर्टाच्या हातात नाही.

एचआयव्हीबरोबर जगणाऱ्यांचं जगणं कसं आहे हे मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची ३१ प्रश्नांची यादी आहे. वेदना, झोप, भविष्याची भीती, लोकांनी दोष देणं, सगळं विचारतात. ‘नीट बसता येतं का’ हे विचारत नाहीत. अमेरिकेतल्या अँकर चाचणीत याच दुखण्यासाठी रुग्णांशी बोलून वेगळी प्रश्नावली करावी लागली. त्याच चाचणीने २०२२ मध्ये दाखवलं, की ३५ वर्षांवरच्या एचआयव्हीग्रस्तांत कॅन्सरपूर्व बदलांवर वेळीच उपचार केले तर गुदद्वाराचा कॅन्सर निम्म्याहून कमी होतो. पुण्याच्या सीरमची एचपीव्ही लसही २०२२ मध्ये मंजूर झाली, मुलींसाठी आणि मुलग्यांसाठीसुद्धा. झालेला आजार मात्र लसीने जात नाही.

म्हणजे उपाय आहेत. सुरुवात हातमोजा घालून बोटाने केलेल्या दोन मिनिटांच्या तपासणीने होते. प्लेगच्या काळात सरकारी माणसं घरात घुसून आजारी शोधत, आणि लोक त्यांना लपवत. आता कोणी घुसत नाही, तरी माणूस स्वतःलाच लपवतो आहे. घरात कुणी पुन्हापुन्हा मूळव्याधीचं मलम आणत असेल, तर कारण विचारू नका. ‘डॉक्टरला दाखवलंस का?’ एवढंच विचारा, आणि हवं तर सोबत जा.