जुनें यंत्र विकण्यापूर्वीं

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत, विकत घेतलेला जिन्नस पारखून पाहण्यास घेणाऱ्याला किती मुदत असावी, हें सांगितलें आहे. बियाण्यास दहा दिवस, रत्नांस सात, ओझ्याच्या जनावरास पांच, दुभत्या जनावरास तीन. लोखंडास मात्र एकच दिवस. यांतील हेतु उघड दिसतो. बीं उगवतें कीं नाहीं हें कळण्यास वेळ लागतो. लोखंडाचा गुण घणाखालीं तेव्हांच कळतो. त्याच अध्यायांत पुढें, सदोष माल निर्दोष म्हणून विकणाऱ्यास किंमतीच्या दुप्पट दंड सांगितला आहे. स्मृतिकारांच्या डोळ्यांपुढें फाळ आणि कुऱ्हाडी होत्या. ज्याच्या पोटांत काय चाललें आहे तें दिसत नाहीं, असें लोखंड त्यांनीं पाहिलें नव्हतें.

असें लोखंड आतां खेडोपाडीं पडलें आहे. बुलढाण्याजवळील देऊळघाट येथील एका परिचित बागाईतदारांनीं मध्यंतरीं मजकडे एक प्रश्न पाठविला. विहिरीवर विजेचा पंप बसल्यापासून त्यांचें जुनें डिझेल इंजिन, त्यावर चालणारा पंप आणि ऊंस गाळण्याचा चरक, हे तीनही जिन्नस गोठ्याच्या पडवींत धूळ खात आहेत. घेणारा घाटाखालचा एक कोरडवाहू शेतकरी. त्यानें नुकतीच विहीर खणली आहे. चिरंजीवांचें म्हणणें, इंजिन खोलून, नवें सामान घालून, वर रंग देऊन विकावें म्हणजे दुप्पट किंमत येईल. वडिलांचें म्हणणें, आहे तसें द्यावें. पदरचा पैसा कां घालावा? इतिहासाच्या शिक्षकास हा प्रश्न कां विचारावा, हें मला प्रथम कळेना. पण विचार करूं लागलों तसा तो इतिहासाचाच आहे असें दिसूं लागलें.

आपल्या पणज्यांस हा प्रश्न पडलाच नसता. पाणी उपसण्याचें त्यांचें साधन म्हणजे मोट: चामडें, लांकूड, दोर आणि थोडेंसें लोखंड. मोट फाटली तर चांभार शिवी, चाक मोडलें तर सुतार बसवी, आणि या कामाबद्दल खळ्यावर धान्याच्या रूपानें बलुतें जाई. दुरुस्तीला निराळी किंमत नव्हती. ती गांवाच्या रचनेंतच मुरलेली होती. चांभाराच्या व सुताराच्या वांट्यास त्यांत काय येई, आणि काय सोसावें लागे, याचा हिशेब फारसा कोणी मांडला नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. पण मालकापुरतें बोलावयाचें तर मोट दुरुस्त करीत करीत झिजून संपे. ती विकण्याची वेळ क्वचितच येई.

यंत्र आलें आणि दुरुस्ती हा रोख खर्चाचा विषय झाला. वऱ्हाडांत हा पालट कापसानें आणला. १८७० सालीं खामगांवास रेल्वेचा फांटा आला. पुढें जिनिंगचे कारखाने निघाले, आणि त्यांच्याबरोबर बलुत्यावर नव्हे तर मजुरीवर काम करणारा फिटर हा नवा कारागीर आला. तिकडे बिहारांत, बिहिया येथें, थॉमसन व मिल्न या जोडीनें १८७० नंतरच्या दशकांत उंसाचा लोखंडी चरक काढला. त्यांनीं तो नुसता विकला नाहीं, भाड्यानेंही दिला. भाड्याच्या चरकांत दुरुस्तीचा भार मालकावर राहतो व शेतकऱ्यास चालतें यंत्र मिळतें. ती व्यवस्था, माझ्या मतें, मोठी शहाणपणाची होती.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांना लोखंडी नांगर खपवितांना केवढे कष्ट पडले, हें सर्वश्रुत आहे. लोखंडानें जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत होती. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धांत लोखंड मिळेनासें झालें, तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं जुन्या तोफा दिल्या व त्यांच्या ओतीवाचे नांगर झाले. तोफ म्हणून त्यांची किंमत शून्य झाली होती. लोखंड म्हणून ती शिल्लक होती. जुन्या यंत्राला दोन किंमती असतात, एक वजनाची आणि एक कामाची, हें या उदाहरणावरून नीट ध्यानांत येतें.

इंजिनांचें युग त्यानंतरचें. इंग्लंडांत हॉर्न्स्बीच्या कारखान्यानें १८९२ च्या सुमारास ॲक्रॉइड स्टुअर्टच्या पद्धतीचीं तेलाचीं इंजिनें विकण्यास आरंभ केला; १९१८ सालीं त्यांतून रस्टन अँड हॉर्न्स्बी ही कंपनी झाली. लिस्टरचीं इंजिनें आलीं. पुढें सातारा रोडला कूपरांनीं व १९४६ पासून पुण्याजवळ खडकीस किर्लोस्करांनीं तीं येथेंच बनविलीं. यांपैकीं जुन्या पद्धतीच्या इंजिनांची गति मिनिटास ६००-६५० फेरे एवढीच असे; चाकें जड, भाग थोडे, आणि गांवच्या फिटरास खोलतां येतील असे. म्हणूनच तीं इतकीं टिकलीं. १९६० सालीं राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें व हळूहळू विहिरींवर वीज पोंचली, तेव्हां तीं मोडलीं म्हणून नव्हे, तर गरज सरली म्हणून बाजूस पडलीं.

आतां कायदा. १८७२ च्या करार कायद्यांत एक उदाहरण आहे: घोडा सदोष आहे हें ठाऊक असून विकणारा लिलावांत नुसता गप्प बसला, तर तो कपट ठरत नाहीं. परंतु दोष मुद्दाम झांकणें मात्र कपटच. वडिलांचा पक्ष या मौनावर उभा आहे, आणि चिरंजीवांचा रंगाचा डबा झांकण्याच्या फार जवळ जातो. घेणाराही भोळा नसतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ॲकरलॉफ यांनीं १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावरून हेंच दाखविलें: आंतलें कांहीं दिसत नसल्यानें गिऱ्हाईक सर्वच माल वाईट धरून चालतो, आणि चांगल्या मालालाही वाईटाचा भाव येतो. नव्या रंगानें त्याचा संशय वाढतोच. तो गंज पाहूं शकत नाहीं म्हणून पैसे कापतो.

तेव्हां मीं कळविलें तें असें. इंजिन मुळींच फिरत नसेल तर भंगारवाला तें काट्यावर तोलून घेईल. तें सुरू झालें कीं तोल सुटतो व कामाची किंमत सुरू होते. म्हणून सुरू होण्यापुरता खर्च अवश्य करावा: टांकी धुवावी, तेल बदलावें, नोझल साफ करावें, अडकलेलें सोडवावें. याउपर पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगें यांस हात लावूं नये. तो पैसा किंमतींतून पुरता परत येत नाहीं, आणि घेणाऱ्याला आपल्याच फिटरकडून तें काम करून घेण्यांत अधिक भरंवसा वाटतो. मात्र धूर किती येतो, तेल किती खातें, हें आपण होऊन सांगावें. इंजिन आधीं तापवून ठेवूं नये. गिऱ्हाइकासमोर थंडच सुरू करावें व तासभर चालूं द्यावें. स्मृतीची एक दिवसाची मुदत इंजिनास अपुरी पडेल. आठ दिवस चालवून पाहण्यास द्यावें, व तोंवर थोडी रक्कम मागें ठेवूं द्यावी.

पंपाचें पॅकिंग बदलण्यास फारसा खर्च येत नाहीं, तें बदलावें. चरकास केवळ वंगण द्यावें. त्याच्या दात्यांपैकीं दोन तुटलेले आहेत असें त्यांनींच पत्रांत लिहिलें होतें. ते तुटलेलेच दाखवावेत.