लग्नाचे शेकडो रॉ फोटो एकदम जेपेगमध्ये कसे बदलायचे? वाचा सविस्तर

लग्न गुलबर्ग्यात, वऱ्हाड लातूरचं, पाहुणे पुण्या-हैदराबादचे. सीमाभागात हे नेहमीचंच. लग्न उरकलं की फोटोंसाठी फोन सुरू होतात. पण फोटोग्राफरने पेनड्राइव्हवर दिलेल्या फायली घरी पुष्कळदा उघडतच नाहीत. अशा वेळी फायली खराब झाल्या असं समजू नका. बहुतेक वेळा ते 'रॉ' फोटो असतात.

रॉ म्हणजे नेमकं काय?

रॉ म्हणजे सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची कच्ची नोंद. फाईलच्या नावाचं शेपूट पाहिलं की कॅमेरा ओळखू येतो : निकॉनचं एनईएफ, कॅननचं सीआर२ किंवा २०१८ पासून आलेलं सीआर३, सोनीचं एआरडब्ल्यू. जेपेग १९९२ पासूनचा फॉरमॅट आहे, तो मोबाईलपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत कुठेही उघडतो.

१४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ छटा मावतात, जेपेगमध्ये फक्त २५६. म्हणून हफ्त गुंबजसारख्या ठिकाणी, बाहेर कडक ऊन आणि आत अंधार असताना काढलेला फोटो रॉमधून बराच सावरता येतो. जेपेगमध्ये तेवढी मोकळीक उरत नाही.

कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं?

कॅमेरा कंपन्यांची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. निकॉनसाठी एनएक्स स्टुडिओ, कॅननसाठी डिजिटल फोटो प्रोफेशनल, सोनीसाठी इमेजिंग एज. दोन-तीन कंपन्यांचे कॅमेरे असतील तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि विंडोज, मॅक, लिनक्सवर चालतात. लाइटरूमला पैसे मोजावे लागतात. जुन्या सॉफ्टवेअरला नव्या कॅमेऱ्याची फाईल ओळखता आली नाही, तर अ‍ॅडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरने अख्खं फोल्डर आधी डीएनजीमध्ये बदलून घेता येतं.

डार्कटेबलमध्ये काम असं करा

१. कार्डवरून थेट काम करू नका. आधी सगळे फोटो हार्डडिस्कवर कॉपी करा.
२. हळद, अक्षता, रिसेप्शन अशी वेगवेगळी फोल्डरं करा. प्रत्येक ठिकाणचा उजेड वेगळा असतो, त्यामुळे सगळ्यांना एकच सेटिंग लावलं की हळदीचा पिवळा आणि एलईडीचा निळा, दोन्ही बिघडतात.
३. एका फोल्डरमधला एक फोटो नीट करा : आधी व्हाइट बॅलन्स, मग उजेड.
४. त्याची हिस्ट्री कॉपी करून त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या फोटोंवर पेस्ट करा.
५. सगळे निवडून एक्सपोर्टमध्ये जा. फॉरमॅट जेपेग, क्वालिटी ९० ते ९५, रंगांचं प्रोफाइल एसआरजीबी ठेवा. दुसरं प्रोफाइल निवडलं तर मोबाईलवर रंग फिके दिसू शकतात.
६. जेपेगसाठी वेगळं फोल्डर द्या. आधी दहाच फोटो काढून बघा, मगच सगळे लावून द्या.
७. शेवटी मोजा. रॉ जितके, तितके जेपेग आले पाहिजेत.

आकार किती ठेवायचा?

अल्बमसाठी आकार कमी करू नका. १२ बाय १८ इंचाच्या छपाईला ३०० डीपीआयने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० असतो, म्हणजे पुरतो. नातेवाइकांना मोबाईलवर बघायला लांब बाजू २०४८ पिक्सेल पुरेशी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो आणखी दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फारच घाई असेल तर

बहुतेक रॉ फाईलमध्ये कॅमेऱ्याने बनवलेला जेपेग दडलेला असतो. एक्झिफटूल हे मोफत साधन तो झटपट बाहेर काढतं. मात्र काही कॅमेऱ्यांत तो पूर्ण आकाराचा, तर काहींत लहान असतो. बघायला चालेल, छापण्याआधी तपासा. पुढच्या कार्यक्रमाला कॅमेऱ्यातच 'रॉ अधिक जेपेग' हा पर्याय लावला तर हा खटाटोपच वाचतो, फक्त कार्डात जागा जास्त लागते.

रॉ लगेच पुसू नका

जेपेग तयार झाले की जागेसाठी रॉ पुसायचा मोह होतो. दीड हजार फोटो, प्रत्येकी २५ एमबी धरले तरी साडेसदतीस जीबी होतात. तरी थांबा. जेपेगवरून पुन्हा रॉ बनत नाही. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की त्याच लग्नातला एखादा अंधारातला फोटो मोठा करून लावायची वेळ येते, आणि तेव्हा रॉच कामाला येतो. दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती ठेवा, शक्यतो एक दुसऱ्या घरी.

फोटोग्राफरला काम देतानाच विचारून घ्या : जेपेग कधी मिळणार, रॉ देणार का, आणि स्टुडिओत ते किती दिवस ठेवणार? हे आधीच कागदावर आलं की नंतर वाद होत नाही.